बिनबुडाचे वाडगे

पेटीवरचा कागद टर्रकन फाटला आणि शे-दीडशे माणसांचा श्वास एकदम अडकला. ओहोटीने पाणी पार लांब गेले होते आणि उघड्या पडलेल्या वाळूवर सगळे उराहामा गाव घोट्यापर्यंत चिखलात उभे होते. लग्नाला जमत नाहीत इतकी माणसे त्या दिवशी जमली होती. ज्यांना चालवत नव्हते त्यांना मुलांनी पाठुंगळी घेऊन आणले होते. बायकांच्या कमरेला चाळणी आणि हातात दाताळी होती. चमत्कार झाला तरी ओहोटी फुकट कोण घालवणार!

मधोमध फळीवर गेन्काईबाबा उभा होता. पांढरा अंगरखा, गळ्यात मोठा शंख आणि आवाज असा की समुद्रालाही गप्प बसावेसे वाटावे. बारा हिवाळे आपण धबधब्याखाली उभे राहिलो, हे तो दर चार वाक्यांनी सांगायचा. मी जवळून गेले होते म्हणून सांगते, त्याच्या अंगाला भारी साबणाचा वास यायचा.

"बघून घ्या!" तो गरजला. "सात दिवसांपूर्वी तुमच्याच हातांनी पाच जिवंत शिंपल्या आत ठेवल्या. खाली समुद्राची वाळू, वर अध्यक्षांचा शिक्का. अध्यक्ष, शिक्का तुटला होता का?"

किहेई आमच्या मच्छीमार संस्थेचा अध्यक्ष. तो घाम पुसत म्हणाला, "नाही बाबा. अख्खा होता."

"मुंगी आत गेली असेल?"

"मुंगीपण नाही."

बाबाने पेटीत बोटे घातली आणि एकेक शिंपली वर काढली. चार घट्ट मिटलेल्या होत्या. पाचवी मात्र आ वासून होती. आत मांसाचा कण नाही, आणि बिजागरीजवळ एक गोल, गुळगुळीत भोक! सुताराने गिरमिट लावून पाडावे तसे नेमके. बाबाने ती सूर्यासमोर धरली, तेव्हा त्या भोकातून आलेला उजेडाचा ठिपका त्याच्याच कपाळावर पडला. बायकांनी हात जोडले.

"हे बुडालेल्यांचं काम आहे!" बाबा म्हणाला. "ते उपाशी आहेत. तुमच्या शिंपल्या आतून पोखरून खातायत. पण कोण? त्यांच्यातला कोण एवढा रागावलाय?"

मग त्याचे डोळे फिरले, मान मागे पडली आणि त्याच्या तोंडून बारीक, थरथरता आवाज आला. "आई... आई गं, थंडी वाजते... बायकोनं ओगराळं दिलं नाही... नावेत ओगराळं नव्हतं, आई..."

माझ्या शेजारी उभ्या असलेल्या सासूबाई मटकन खाली बसल्या. "सेइकिची!" त्या किंचाळल्या. "माझा सेइकिची!"

आणि शे-दीडशे माना माझ्याकडे वळल्या.

आमच्याकडे नाव समुद्रात जायची तर तिच्यात बूड फोडलेले लाकडी ओगराळे ठेवतात. बुडून मेलेल्यांची भुते नावेला चिकटतात आणि ओगराळे मागतात. धड ओगराळे दिले तर त्यानेच पाणी भरून नाव बुडवतात. म्हणून बिनबुडाचे द्यायचे आणि ती रिकामी उपसत बसली की निसटायचे. नव्या वर्षाला घरच्या बाईने आपल्या हाताने ते बूड फोडायचे, असा रिवाज. तीन वर्षांपूर्वी मी ते फोडले नव्हते. घरात ओगराळे एकच होते, सूप वाढायला मला ते हवे होते, आणि बाजारातून दुसरे आणू आणू म्हणत राहून गेले. त्याच वसंतात माझा नवरा, सेइकिची, नावेसकट समुद्रात गेला. त्याचे शरीरही मिळाले नाही. ओगराळ्याची गोष्ट मी फक्त सासूबाईंना रडत रडत सांगितली होती. गावात तिसऱ्या कुणाला ठाऊक नव्हती.

मग ती बाबाला कशी कळली? त्या क्षणी मलाही दरदरून घाम फुटला, हे कबूल करते. मी स्वतःला मोठी शहाणी समजत होते. बाबाच्या शंखाची, अंगरख्याची नक्कल करून विहिरीवर बायकांना हसवत होते. पण तो आवाज ऐकला आणि माझेही हात आपोआप जोडले गेले.

शिंपल्यांना भोके पडायला लागली ती आदल्या उन्हाळ्यात. त्याआधी दोन वर्षे किहेईने दक्षिणेच्या किनाऱ्यावरून शिंपल्यांचे बी, म्हणजे दाण्याएवढी पिल्ले, आणून आमच्या वाळूत पेरले होते. पताका लावून, भाषण करून. पहिले पीक झकास आले. दुसऱ्या वर्षी दाताळे मारावे तिथे रिकामी टरफले वर येऊ लागली, आणि प्रत्येकाला तसलेच गोल भोक. पाठोपाठ वाळूवर ते वाडगे दिसू लागले. करड्या वाळूचे, पातळ, कुंभाराने चाकावर फिरवल्यासारखे, काठाला छान मुरड घातलेले, आणि बूड नसलेले. हातात घेतले तर रबरासारखे लवचीक. असले काही आमच्या खाडीत आजवर कुणी पाहिले नव्हते.

गेन्काईबाबा नेमका तेव्हाच गावात उगवला. म्हणाला, "तुमच्या आजोबांनी भुतांना बिनबुडाची ओगराळी देऊन फसवलं. आता ती बिनबुडाचेच वाडगे घेऊन तुमच्या दारात आलीत. जेवण मागतायत." झाले! सगळ्यांना ते लगेच पटले, कारण ते आमच्याच गोष्टीतून उचललेले होते. वाडगा मोडायचा नाही, लाटेने हलला तर पुन्हा नीट बसवायचा आणि प्रत्येकात चिमूटभर भात ठेवायचा, असा हुकूम निघाला. मीही ठेवला आहे भात. लाज वाटते, पण ठेवला आहे.

त्या दिवशी वाळूवरच माझा निकाल लागला. एकवीस दिवस मी जाळ्यांच्या खोपीत बंद राहायचे. समुद्र पाहायचा नाही, कुणाशी बोलायचे नाही, नवऱ्याची क्षमा मागायची. मग पुन्हा पेटी उघडायची. शिंपल्या धड निघाल्या तर सेइकिची शांत झाला. पुन्हा भोक निघाले, तर मी बाबाबरोबर त्याच्या खाडीपलीकडच्या डोंगरावरच्या मठात सेवेला जायचे.

"किती दिवस?" शाळेतले ओगाता मास्तर पुढे होऊन म्हणाले.

"तो तृप्त होईपर्यंत," बाबा म्हणाला.

"आणि तो तृप्त झाला हे ठरवणार कोण?"

"मास्तर, तुम्ही पोरांना पाढे शिकवा," बाबा हसला. लोकही हसले. त्या मठात आधीच दोन विधवा होत्या आणि त्या बाबाचे अंगरखे धुवायच्या, हे सगळ्या गावाला माहीत होते. तृप्त झालेला नवरा आजवर कुणाचाच निघाला नव्हता.

खोपीत मला सासूबाईंनीच नेले. बाहेर मंतरलेली गवताची दोरी बांधली, तिला कागदाच्या पट्ट्या लावल्या आणि कडी घातली.

"सासूबाई, तुम्हाला खरंच वाटतं का हो, मी मारलं त्याला?"

त्यांनी कडी एकदा ओढून पाहिली. मग त्या म्हणाल्या, "मला काही वाटत नाही. तीन वर्षांनी माझा मुलगा बोलला. मला तो पुन्हा बोलायला हवाय, बस."

खोप म्हणजे चार पावले लांब आणि तीन पावले रुंद. डांबर आणि सडक्या जाळ्यांचा वास, कोपऱ्यात छोटी चूल. फळीत एक भोक होते, अंगठ्याएवढे, त्यातून दुपारी उजेडाची एक काठी आत यायची आणि भिंतीवरून सरकत जायची. समुद्र वीस पावलांवर, पण दिसायचा नाही, नुसता ऐकू यायचा. पहिले तीन दिवस मी रागात काढले. दारावर लाथा मारल्या. चौथ्या दिवशी राग संपला आणि ओगराळे आठवू लागले. ते अजून घरात खिळ्याला टांगलेले होते, धड बुडाचे. हातोडीचे दोन ठोके घालायला किती वेळ लागला असता? मी तीन वर्षे हे स्वतःला विचारत होते, पण दिवसा काम होते, माणसे होती, भांडणे होती. खोपीत मी आणि तो प्रश्न एवढेच होतो. बाहेरून घातलेली कडी मला दिसत होती. आत जी घातली गेली होती, ती मीच घातली होती आणि मला काढता येत नव्हती.

पाचव्या दिवशी सासूबाईंनी भाताबरोबर बादलीभर शिंपल्या आणून ठेवल्या. घाईत खरवडून आणल्या होत्या, तळाशी बरीच वाळूही आली होती. वर समुद्राचे पाणी. "वाळू ओकू दे त्यांना, मग चुलीवर ठेव," एवढे बोलून त्या गेल्या. मला भूक नव्हती. बादली तशीच राहिली.

सहाव्या दिवशी उजेडाची काठी बादलीवर आली तेव्हा तळाची वाळू हलली.

मी वाकले. वाळूतून काहीतरी गोल वर येत होते. कांद्याएवढी गोगलगाय, करड्या रंगाची, गुळगुळीत. तिचे अंग शंखाच्या बाहेर असे पसरलेले होते की हे सगळे परत आत मावणार कसे, असा प्रश्न पडावा. ती एका शिंपलीजवळ गेली, त्या मांसल अंगात तिला पूर्ण गुंडाळले आणि तशीच थांबली. मीही थांबले. मला दुसरे काय काम होते?

ती संध्याकाळपर्यंत हलली नाही. सातव्या दिवशीही नाही. आठव्या दिवशी मी पाणी थोडे ढवळले, तरी तिची मिठी सुटली नाही. गावात कुणी असते तर इतका वेळ एका बादलीत पाहत बसले नसते. दाताळे मारायचे, चाळायचे, भरती यायच्या आत घर गाठायचे, यातच दिवस जातो. ओहोटीला या गोगलगायी वाळूत दडून बसतात. आमच्या हाती लागायची ती फक्त टरफले. बाबाने मला जगातली एकच गोष्ट भरपूर दिली होती, वेळ.

नवव्या दिवशी दुपारी ती बाजूला झाली. शिंपली उघडली. आत काही नव्हते, आणि बिजागरीजवळ गोल भोक होते. मी ते उजेडाच्या काठीत धरले. बाहेरून रुंद, आत निमुळते. म्हणजे आतून नव्हे, बाहेरून पाडलेले!

मी हसले. खोपीत आल्यापासून पहिल्यांदा हसले, आणि मग तोंडात बाहीचा बोळा कोंबून रडले. सेइकिची उपाशी नव्हता. त्याला थंडी वाजत नव्हती. माझा नवरा शिंपल्या चोरत हिंडत नव्हता.

सासूबाई आल्या तशी मी फळीला तोंड लावून सगळे सांगितले.

"गोगलगाय?" त्या म्हणाल्या.

"हो! माझ्या डोळ्यांनी पाहिलं. चार दिवस गुंडाळून बसली होती. तुम्हीच बघा ना, कडी काढा आणि बघा!"

"मग त्याचाच जीव असेल तिच्यात."

"अहो, सासूबाई!"

"कशात तरी येणारच ना तो? आणि ओगराळ्याचं गोगलगायीनं सांगितलं का बाबांना?"

दुसऱ्या दिवशी बाबा स्वतः आला. बाहेरूनच शंख फुंकला, बादली काढून नेली आणि जाता जाता फळीतल्या भोकात चिंधी कोंबली. "मन विचलित होतंय बाईचं," तो सासूबाईंना सांगत होता. "तिच्याशी बोलत जाऊ नका."

तिथे मी पहिल्यांदा त्याला नीट ओळखले. सासूबाईंकडून माझी गोष्ट ऐकून तो चकित झाला नव्हता. एक प्रश्नही त्याने विचारला नाही. गोगलगाय त्याला आधीच माहीत होती.

पण ती त्या बादलीत नव्हती. ओल्या चिंधीत गुंडाळून माझ्या बाहीत होती.

तेराव्या दिवशी खोपीच्या मागच्या बाजूला कुणीतरी खाकरले. "शिगे, मी ओगाता. जिवंत आहेस का?"

"मास्तर, मेले असते तर मीच येऊन तुमच्या शिंपल्या खाल्ल्या असत्या."

ते हसले. खालच्या फळीची फट त्यांनी काठीने रुंद केली आणि मी सगळे सांगून गोगलगाय बाहेर सरकवली. सोळाव्या दिवशी ते परत आले, पण आवाज पडलेला होता. शाळेतल्या काचेच्या बरणीत गोगलगायीने शिंपली पोखरली होती. मास्तरांनी ती किहेईला नेऊन दाखवली.

"मग?"

"त्यानं बरणीवर फडकं टाकलं. म्हणाला, मास्तर, हे बी मी आणलंय. बियाबरोबर हे आलं असं कळलं तर गाव मला जगू देईल का?" मास्तर फटीशी आणखी वाकले. "वाईट माणूस नाही गं तो. घाबरलाय."

"म्हणजे तो घाबरलाय म्हणून मी मठात जायचं?"

मास्तर म्हणाले, "मी उद्या सगळ्यांना शाळेत बोलावतो."

"कुणी येणार नाही. बाबा म्हणेल, मास्तरांनी भोक पाडलं." मी बरेच दिवस एकाच गोष्टीचा विचार करत होते, ती आता विचारली. "पेटी पुन्हा बंद केली का त्यानं?"

"परवाच. शिंपल्या गावकऱ्यांनी दिल्या, शिक्का किहेईचा."

"आणि वाळू?"

"वाळू त्यानं आणली. पवित्र वाळू, थैलीतून."

"मागच्या वेळी पाहिलंय मी, रोज तो वरून समुद्राचं पाणी शिंपडतो," मी म्हणाले. "आणि उघडल्यावर वाळू स्वतःच्या हातानं समुद्रात सोडतो. दुसऱ्या कुणाला पेटीला हात लावू देत नाही. मास्तर, शिक्का खरा आहे. बाहेरून कुणी आत जात नाही. जे आहे ते आधीपासूनच आत आहे."

एकविसाव्या दिवशी कडी निघाली. उजेडाने माझे डोळे मिटले. सासूबाईंनी माझे कपडे एका बोचक्यात बांधून आणले होते, कारण बाबाची नाव काठाला तयार होती. बोचके बांधताना त्या रडल्या असाव्यात, डोळे लाल होते. पण त्यांनी बोचके बांधले होते. भोक निघणार हे त्या धरून चालल्या होत्या.

पुन्हा ओहोटी, पुन्हा सगळे गाव, चाळणी, दाताळी. मला गवताच्या दोरीने आखलेल्या चौकोनात उभे केले होते. बाबाने कागद फाडला. एक शिंपली, दोन, तीन, चार. पाचवी त्याने सावकाश वर काढली. मी तिच्याकडे पाहिलेही नाही. लोकांच्या तोंडून जो आवाज निघाला त्यावरून कळले.

"तृप्त नाही झाला!" बाबा म्हणाला. "चल, बाई."

ओगाता मास्तर पुढे आले. "बाबा, एक विनंती आहे. पेटीतली वाळू आम्हाला चाळू द्या."

"पवित्र वाळू चाळायची?" बाबाचा आवाज चढला. "अध्यक्ष, हे गाव मास्तर चालवतो का तुम्ही?"

सगळे किहेईकडे पाहू लागले. किहेईने तोंड उघडले, मिटले आणि मान खाली घातली. "मास्तर, आता राहू द्या," तो पुटपुटला.

बाबाने पेटी उचलली आणि पाण्याच्या दिशेने वळला. वाळू एकदा समुद्रात गेली की संपले, मग मी मठात म्हातारी होणार हे नक्की. आयुष्यात इतक्या वेगाने मी कधी धावले नाही. दोरी ओलांडली, लोक ओरडले आणि मी पेटीला हात घातला. तो एका बाजूने ओढत होता, मी दुसऱ्या. त्याच्या हातात जोर होता, पण बारा हिवाळे धबधब्याखाली उभ्या राहिलेल्या माणसाला चिखलात उभे राहता येईना. त्याचा पाय घसरला. मी पेटी हिसकावून घेतली आणि जी पहिली चाळण दिसली तिच्यात सगळी वाळू उपडी केली.

ती चाळण सासूबाईंच्या हातात होती.

त्या चाळणार नव्हत्या. माझी खात्री आहे, त्यांना चाळायचे नव्हते. पण सात वर्षांच्या असल्यापासून साठ वर्षे त्या हातांनी एकच काम केले होते. चाळणीत वाळू पडली आणि हात आपोआप हलू लागले. उजवीकडे, डावीकडे. वाळू भुरभुर खाली गेली. चाळणीत एक गोल, करडी गोष्ट राहिली आणि गडगडत काठाला येऊन थांबली.

सासूबाई तिच्याकडे पाहत राहिल्या.

"हे काय आहे?" मागून कुणीतरी विचारले.

"गोगलगाय," मास्तर म्हणाले आणि त्यांनी पिशवीतून शाळेची बरणी काढून फळीवर ठेवली. बरणीत दुसरी गोगलगाय एका शिंपलीला मिठी मारून बसली होती. "हिच्या जिभेवर करवतीसारखे बारीक दात असतात. अंगातून एक रस निघतो, त्यानं टरफल मऊ पडतं. रस लावायचा, खरवडायचं, पुन्हा रस लावायचा. तीन-चार दिवसांत भोक आरपार. मग आतलं मांस खायचं. दक्षिणेच्या किनाऱ्यावर पोरांनाही माहीत आहे हे. आपल्याकडे ती बियाबरोबर आली. आणि ते वाडगे..." त्यांनी एक वाडगा उचलून मोडला आणि तुकडा उन्हात धरला. वाळूच्या दोन थरांमध्ये बारीक बारीक दाणे चमकत होते. "ही तिची अंडी आहेत. वाळूत चिकटवलेली. एका वाडग्यात हजारो."

एक अख्खा उन्हाळा आम्ही त्या अंड्यांची राखण केली होती. लाटेने सुटलेला वाडगा उचलून, हात जोडून, पुन्हा नीट बसवला होता, वर भाताचा नैवेद्य ठेवला होता. शिंपल्यांच्या शत्रूचे इतके लाड जगात दुसऱ्या कुठल्या गावाने केले नसतील.

बाबा सावरला होता. असली माणसे लवकर सावरतात. "मूर्खांनो!" तो म्हणाला. "आत्मा शरीर घेतोच! तो याच रूपानं आला!"

"शिक्का मारलेल्या पेटीत?" मी विचारले. "मुंगी जात नाही म्हणालात ना?"

"आत्म्याला दार लागत नाही!"

"मग वाळू कशाला लागते तुमच्या थैलीतली?"

लोकांत पहिल्यांदा कुजबुज झाली. बाबाने शेवटचे हत्यार काढले. त्याने डोळे फिरवले, मान मागे टाकली. "आई... आई गं... ओगराळं..."

"बाबा," सासूबाई म्हणाल्या.

त्या मोठ्याने बोलल्या नाहीत, तरी सगळ्यांना ऐकू गेले. चाळण अजून त्यांच्या हातात होती.

"ओगराळ्याचं मीच सांगितलं होतं तुम्हाला. तुम्ही पहिल्यांदा घरी आलात तेव्हा. चहा पिताना. मी विसरले होते."

बाबाची मान हळूहळू सरळ झाली. पुढचे फार काही नाही. तो नावेकडे निघाला, आणि मठातल्या त्या दोघींना परत आणायला मास्तरांबरोबर चार दांडगी माणसेही त्याच नावेत चढली. किहेई वाळूत बसून राहिला होता. बी आपण आणले, बरणी आपण पाहिली होती, हे त्याने सगळ्यांसमोर सांगितले. त्याला शिव्या पडल्या. पडायलाच हव्या होत्या.

मी सासूबाईंच्या शेजारी बसले.

"म्हणजे तो बोललाच नाही?"

"नाही."

"ते थंडी वाजते वगैरे..."

"नाही हो."

त्या वाकल्या, कपाळ ओल्या वाळूला टेकवले आणि रडल्या. मुलगा गेल्यावर त्यांनी आवाज काढून रडायचेही राहून गेले होते, कारण आधी शरीराची वाट पाहत होत्या आणि नंतर बाबाची. मला त्यांचा राग यायला हवा होता. आलाही. पण त्याबरोबर माझा हात त्यांच्या पाठीवर गेला.

"पण शिगे," थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "बाबा खोटा निघाला. ओगराळं तर खरंच नव्हतं ना नावेत?"

हाच प्रश्न मी एकवीस दिवस चघळला होता. गोगलगायीने त्याचे उत्तर दिले नव्हते.

तेव्हा मागे उभी असलेली योने पुढे आली. ती आमच्या शेजारची. तिचाही नवरा त्याच दिवशी, त्याच वादळात गेला. तीन नावा बुडाल्या होत्या तेव्हा.

"माझ्या नवऱ्याच्या नावेत होतं," ती म्हणाली. "बूड फोडलेलं. मी स्वतः ठेवलं होतं."

सासूबाईंनी वाळूवरून मान वर केली.

"मग कधी बोलली का नाहीस?" मी विचारले.

"मला वाटलं, मी भोक लहान पाडलं." तिचा चेहरा वेडावाकडा झाला. "तीन वर्षं मला वाटतंय, अजून दोन ठोके घालायला हवे होते."

गर्दीतून तिसरी बाई, तिसऱ्या नावेतल्या माणसाची आई, पुढे आली. तिचेही ओगराळे नावेत होते. तिला वाटत होते, आपण ते जुने ठेवले, नवे घ्यायला हवे होते.

तीन नावा होत्या. दोन नावांत ओगराळे होते, एकीत नव्हते, आणि बुडाल्या तिन्ही. बुडाल्या त्या वाऱ्याने. एवढा साधा हिशेब गावात तीन वर्षे कुणी मांडला नाही, कारण प्रत्येक बाई आपापल्या घरात आपलाच दोष मोजत बसली होती. एकमेकींना एकदा विचारले असते, तर कोणताही बाबा आमच्यापैकी एकीलाही खोपीत घालू शकला नसता.

म्हणून ही गोष्ट सांगते आहे. माझे एवढेच मागणे आहे. कुणी चमत्कार दाखवला तर हात जोडण्याआधी पेटी उपडी करून बघा. कुणी तुमच्या घरातले गुपित सांगितले तर ते त्याला कुणी सांगितले असेल, हे आठवा. आणि कुणी तुम्हाला म्हणाले की तुमचे माणूस तुमच्यामुळे गेले, तर एकट्याने रडत बसू नका. शेजारच्या दारात जा, ज्यांचे माणूस गेले त्यांना विचारा, तुम्ही काय केले होते, काय नव्हते केले. उत्तर बहुधा तिथेच मिळेल.